चौदा पॉइंट दोन

आमच्या दाजींना 'कसं काय, बरं आहे ना?' असं विचारलं तर ते 'बरं आहे' म्हणत नाहीत, आकडा सांगतात. झोप, पोट आणि अक्काचा मूड असं सगळं जमून आलेलं असलं की खणखणीत आवाजात 'चौदा पॉइंट दोन!' सर्दीपडसं असलं तर 'बारा दोन. निम्मा उतरलोय.' परवा दाढ काढून आले तेव्हा फोनवर जेमतेम 'अकरा' एवढंच ऐकू आलं आणि फोन अक्काकडे गेला. नवख्या माणसाला वाटतं, हे हिमोग्लोबिन सांगताहेत. लातूरच्या त्यांच्या गल्लीत मात्र भाजीवालीलाही माहीत आहे की हे व्होल्ट आहेत.

गाडी चालू असताना बॅटरीवर मीटरच्या दोन कांड्या टेकवल्या तर आकडा पावणेचौदा ते साडेचौदाच्या मधे यावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची धडधाकट बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी, आणि बाराच्या खाली गेली की सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसतं टक्‌ टक्‌ टक्‌. दाजींच्या मते माणसाला तोंडपाठ असावेत असे आकडे एवढेच. बाकीचे, म्हणजे नातवाची इयत्ता, अक्काचा वाढदिवस वगैरे, लिहून ठेवता येतात.

दाजी एसटीत होते म्हटलं की लोकांना वाटतं ड्रायव्हर असतील, नाहीतर मेकॅनिक. ते होते आगाराच्या हिशेब शाखेत. बत्तीस वर्षं त्यांनी कोणत्या बसनं किती डिझेल पिलं आणि ती किती किलोमीटर धावली, एवढंच जुळवलं. पण त्यांच्या टेबलामागची खिडकी वर्कशॉपकडे उघडायची. एकलव्याला निदान पुतळा तरी होता, दाजींना खिडकी होती. तिच्यातून बघून बघून ते जे शिकले ते नोकरीत कुणी त्यांना करू दिलं नाही. निवृत्त झाल्यावर जुनी एक छोटी गाडी घेतली, दारात उभी केली, बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "ही तर निम्मी बस!" कारण एसटीची बस चोवीस व्होल्टवर चालते आणि कार बारावर. तेव्हापासून त्या गाडीचं नाव निम्मी. अक्काला आधी वाटलं होतं, जुन्या सिनेमातल्या नटीवरून ठेवलंय.

आता गाडी दुरुस्त करणारे लोक पुष्कळ असतात. दाजी त्यातले नाहीत. दाजींना दुरुस्तीत रसच नाही. त्यांना रस निदानात. रोग सापडला की ते हात धुतात आणि एकदम उदास दिसायला लागतात. पुढचं पान्याचं काम कुणीही पोरगं करील. पण सापडेपर्यंत जे काही चालतं ते बघण्यासारखं असतं.

पहाटेच्या चहाच्याही आधी अंगात बंडी, कमरेला पंचा, पुढच्या चाकापाशी कालच्या पेपरचं पान अंथरलेलं, त्यावर नटबोल्ट ठेवायला स्टीलची वाटी. ही वाटी अक्का दर आठवड्याला शोधत असते. मग देवघराशेजारच्या फळीवरून पिवळं मीटर खाली येतं. अक्काचं शुगर मोजायचं मशीन कपाटात आतल्या अंगाला, आणि ह्यांचं मीटर देवाजवळ, ही अक्काची कायमची तक्रार आहे. मीटरसोबत एक दोनशे पानी वही येते. तिच्यात एसटीच्या लॉगशीटसारखे रकाने आखलेले: तारीख, गाडी नंबर, बसून, सेल्फ मारताना, चालू, लाइट लावून. 'बसून' म्हणजे गाडी विसावलेली असतानाचे व्होल्ट. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर तिथं लाल शाई. एमएच २४, एमएच २६, झालंच तर परभणीची एमएच २२. भावकीतली, सोयऱ्यांची, शेजाऱ्यांची, माझ्या सासुरवाडीचीसुद्धा एकेक गाडी त्या वहीत आहे. नांदेडहून मी अक्काला भेटायला गेलो की चप्पल काढायच्या आत दाजींचा हात पुढे येतो. मला वाटतं हातात हात घेतील. ते म्हणतात, "किल्ली."

त्यांचा सिद्धांत एकच: बॅटरी निर्दोष असते. औसा रोड असो की बार्शी रोड, इलेक्ट्रिकवाल्याकडे गाडी नेली की तो बॉनेट उघडायच्या आधीच 'बॅटरी गेली, बदला' म्हणतो, आणि ह्या वाक्यानं दाजींच्या अंगाचा तिळपापड होतो. बॅटरीची बाजू ते फौजदारी वकिलासारखी लढवतात. आणि अशिलाची बाजू मांडायला त्यांना पाण्याचा दाखला पुरतो, कारण लातूरच्या माणसाला टाकीचं गणित शिकवावं लागत नाही.

"हे बघा पाव्हणं, इंजिनावर फिरतो तो अल्टरनेटर म्हणजे बोअर. बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी. बोअर चालू हाय तोवर घर बोअरवर चालतंय, टाकी नुसती भरत राहतीय. सकाळी टाकी रिकामी निघाली, तर कारणं तीन. बोअर आटला. न्हाईतर पाइप तुंबला. न्हाईतर रात्री कुणीतरी नळ उघडा ठेवला. टाकीला शिव्या देऊन काय व्हणार?"

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. एप्रिलात पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हा देशभरचे कॅमेरे स्टेशनवर होते आणि दाजी गल्लीच्या तोंडाशी काठी घेऊन उभे होते. येणाऱ्या प्रत्येक टँकरच्या झाकणातून ते काठी आत सोडायचे, ओली झालेली लांबी बघायचे आणि वहीत लिहायचे. टँकरवाला म्हणायचा पाच हजार, काठी म्हणायची बेचाळीसशे. भांडण नाही, आवाज नाही. वही पुढे धरायची. मला वाटतं, दाजींचं मीटर म्हणजे त्याच काठीचा धाकटा भाऊ. ज्यानं बादली बादलीचा हिशेब ठेवला त्याला कुणी 'अंदाजे' म्हटलेलं सोसत नाही.

म्हणून त्यांची तपासणी बोअरपासून सुरू होते. पट्टा ढिला आहे का, अंगठ्यानं दाबून बघायचं. मग पाइप: टर्मिनलवर ते पांढरंहिरवं पीठ साठलंय का? साठलं असेल तर सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायचं, पुसायचं, वर व्हॅसलिनचा हात. मग अर्थिंग. मीटरची एक कांडी बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. गाडी चालू असताना तिथं फार तर शून्य पॉइंट दोन दिसावं. जास्त दिसलं की दाजींचे डोळे चमकतात: "पाइप तुंबलाय!" बायकोच्या मामेभावाची नवी म्हणून घेतलेली बॅटरी अशी वाचली होती. बॅटरी ठणठणीत, इंजिनाला जाणारी अर्थिंगची वेणी गंजलेली.

टर्मिनलवरच्या त्या पिठावरून ते माणूसही ओळखतात. आमच्या पुतणीला बघायला चाकूरकडचं स्थळ आलं होतं. आत पोहे चालले होते आणि दाजी बाहेर पाहुण्यांच्या गाडीचं बॉनेट उघडून उभे. निरोप आत आला: "मुलगा चांगला हाय, पण टर्मिनल बघितले का? दोन वर्षं फडकं फिरवलं न्हाई." लग्न झालं. संसार छान चाललाय. टर्मिनल अजून तसेच आहेत, दाजी दर दिवाळीला खात्री करून घेतात.

चिडलेले दाजी मी एकदाच पाहिले. कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या पोरानं कुणाच्या तरी गाडीचा चार्जिंगचा प्रॉब्लेम तपासायला इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायला हात घातला होता. हा डायनामोच्या जमान्यातला डाव. टर्मिनल काढल्यावर इंजिन बंद पडलं तर डायनामो मेला, चालू राहिलं तर बरा. दाजींनी पळत जाऊन त्याचं मनगट धरलं. अल्टरनेटर असा भरल्या ताटावरून उठवला तर व्होल्ट एकदम उसळतात आणि डायोड किंवा गाडीचा कॉम्प्युटर जळू शकतो. "चालू बोअरचा व्हॉल एकदम बंद करतो का तू? पाइप फुटंल का न्हाई?" पोरगं म्हणालं, "काका, आमच्या उस्तादांनी असंच शिकवलं." दाजी लगेच निवळले. उस्ताद काढला की ते निवळतात. मग तासभर त्याला कांड्या कुठं टेकवायच्या ते शिकवत बसले. तोवर गाडीचा मालक रिक्षानं घरी गेला होता.

आता लग्नाच्या वऱ्हाडाची गोष्ट. डिसेंबर होता. लातूरहून नांदेडला निघालो होतो, निम्मी मी चालवत होतो, शेजारी दाजी, मागं अक्का आणि तिच्या मांडीवर आहेराची पिशवी. अहमदपूर मागं टाकलं, अंधार पडला, आणि डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा लागला. मी म्हटलं, "दाजी..." त्यांनी हात वर केला. वारकऱ्यानं कळस बघावा तसे ते त्या दिव्याकडे बघत होते.

माळेगावच्या माळाजवळ गाडी थांबवली. खंडोबाची यात्रा अजून भरायची होती. ज्या माळावर घोड्यांचे नि गाढवांचे दात बघून वय सांगणारी माणसं जमतात, तिथं दाजींनी टॉर्च घेऊन निम्मीचा जबडा उघडला. पहिल्यांदा पट्टा. ह्या गाडीत त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंपही फिरतो. पट्टा तुटला असता तर एक पाऊलही पुढं जाता आलं नसतं, इंजिन तापून बसलं असतं. पट्टा जागेवर होता. "कार्बन झिजले असणार," दाजी समाधानानं म्हणाले. "बोअर बंद. आता टाकीवर जायचं."

आणि गाडीत बसल्या बसल्या हिशेब सुरू झाला. "हेडलाइट नऊ अँपिअर, बारके दिवे दोन, इंजिनाचं चार. पंधरा धरा. टाकी पस्तीसची, जुनी म्हणून पंचवीस धरा. दीड तास चालंल. नांदेड पन्नासेक किलोमीटर. गाणी बंद. हॉर्न मारू नका. गाडी बंद पडू देऊ नका, सेल्फला पाणी उरणार न्हाई." इथवर ठीक होतं. लोह्याच्या अलीकडं समोर उसाचा ट्रॅक्टर आला आणि मी ब्रेक दाबला तर दाजी कळवळले: "ब्रेक कमी मारा पाव्हणं! मागचे दोन दिवे एकवीस-एकवीस वॅटचे हायती. एका ब्रेकला साडेतीन अँपिअर जातात!" मागून अक्का म्हणाली, "मेलो तर किती जातील तेबी सांगा."

सिडकोच्या लातूर फाट्यावर पोचलो तेव्हा हेडलाइट समईएवढे उरले होते. गोदावरीचा पूल आम्ही एका ट्रकच्या उजेडात ओलांडला. कार्यालयाच्या दारात गाडी उभी केली, मी किल्ली फिरवली, दिवे विझले. मंगलाष्टकं चालली होती. सगळे आत धावले. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, जेवणाच्या पंगती बसल्या; दाजी कुठंच दिसेनात. ते बाहेर बॅटरीपाशी वही घेऊन उभे होते. "अकरा पॉइंट चार," मला बघून म्हणाले. "हिशेब बरोबर आला." मुलीच्या बापाला मिठी मारली तेव्हा त्यांच्या हाताचं काळं सफारीवर उमटलं. फोटोत आहे ते.

दाजी चुकतात का? चुकतात. गेल्या मे महिन्यात ते तरोडा नाक्याला आमच्याकडं आठ दिवस राहायला होते. नांदेडचा मे, पारा चव्वेचाळिसाच्या आसपास. अशा उन्हात बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटा खंगतात, आणि त्याचा पत्ता हिवाळ्यात लागतो. 'उन्हाळा मारतो, हिवाळा सांगतो,' हे दाजींचं आवडतं वाक्य ऐकून आमच्या अपार्टमेंटमधले सगळे धास्तावले आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये गाड्यांची रांग लागली. पहिली गाडी: १५.९. दुसरी: १६.१. तिसरी: १६.३. पंधराच्या वर म्हणजे व्होल्टेज आवरणारा कटआऊट गेला, ॲसिड उकळणार, बल्ब उडणार. दाजी गंभीर झाले. "उन्हानं कटआऊट शिजले," असं निदान जाहीर झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या सज्जन गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी नवा बसवूनही आणला. तरी १६.२.

तेव्हा माझी मुलगी शेजारी आइस्क्रीम खात उभी होती. ती म्हणाली, "आत्याआजोबा, तुमच्या मीटरवर ते बारकं बॅटरीचं चित्र कामून लुकलुकायलंय?" (ती दाजींना आत्याआजोबा म्हणते; आत्या आणि आजोबा ह्यांची सांगड तिची तिनं घातलेली आहे.) दाजींनी चष्मा वर केला. मीटरच्या पोटात नऊ व्होल्टचा चौकोनी सेल असतो; तो उतरला की मीटर आकडे फुगवून सांगायला लागतं. वजिराबादेतून नवा सेल आणला. सगळ्या गाड्या १४.२. त्या संध्याकाळी दाजींनी चहा घेतला नाही. आठ वाजता अंगात सदरा घालून दुसऱ्या मजल्यावर गेले आणि कटआऊटचे पैसे पुढे ठेवले. त्या भल्या माणसानं ते घेतले नाहीत. तेव्हापासून दाजी नांदेडला आले की आमच्याकडं यायच्या आधी त्यांच्या गाडीचे टर्मिनल पुसतात.

पण त्यांची खरी कसोटी लागली ती मागच्या दिवाळीत. मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला. गाडी चार दिवस उभी राहिली की पाचव्या दिवशी टक्‌ टक्‌. पुण्यात कुणीतरी 'बॅटरी बदला' म्हणालं होतं, त्यानं बदललीही होती, तरी तेच. दाजींनी हे ऐकलं तेव्हा त्यांचा चेहरा पहिला फराळ बघणाऱ्या पोरासारखा झाला. बोअर तपासला: चौदा एक. पाइप स्वच्छ. म्हणजे राहिला नळ. रात्री कोण पाणी पितंय?

ऋण टर्मिनल सोडवून मधे मीटर जोडलं. झोपलेल्या गाडीनं घड्याळ, कॉम्प्युटर मिळून पन्नासेक मिलीअँपिअर खावेत. हिनं चारशे खाल्ले. दाजींनी हवेत बोटं फिरवून गणित केलं: पाच वॅटचा बल्ब बरोबर एवढंच खातो. "डिकीतला दिवा! झाकण लावल्यावरबी तो विझत न्हाई." पण विझतो की नाही हे बघायचं कसं? मुलगा म्हणाला, आत मोबाइल ठेवू, व्हिडिओ काढू. दाजींचा परक्या डोळ्यावर विश्वास नाही. ते स्वतः डिकीत शिरले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे छातीशी. मुलगा आत फोनवर बोलायला गेलेला, म्हणून सात वर्षांच्या नातवाला किल्ली देऊन सांगितलं, "झाकण लाव, दहा म्हण, मग उघड." नातवानं झाकण लावलं. तीनपर्यंत आला आणि गल्लीत कुणीतरी भुईचक्र पेटवलं.

दाजी आतून ठोठावत होते. अक्का करंज्या तळत होती. ती म्हणते, मला वाटलं फटाके. दहा मिनिटं गल्लीत सगळ्यांनाच फटाके वाटले. शेवटी नातू परतला, किल्लीसकट, आणि डिकी उघडली. घामानं निथळणारे दाजी आडव्याचे उभे होत म्हणाले, "दिवा विझतो. निर्दोष हाय."

मग फ्यूज एकेक करून काढले. मीटरवरचा आकडा ढिम्म हलेना. रात्री सगळं जोडून दाजी न जेवता झोपले. पाडव्याच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी अक्का उठली तर अंथरूण रिकामं. दारात धुकं, गाडीचं बॉनेट वर, आणि पंचा नेसलेले दाजी आत वाकून एकेका भागावर तळहात ठेवत होते. इंजिन गार. रेडिएटर गार. बॅटरी गार. अल्टरनेटरवर हात गेला आणि तिथंच थांबला. मुलगा लहान असताना मध्यरात्री त्याच्या कपाळावर ठेवायचे तसा त्यांनी हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला.

"अगं, इकडं ये," ते कुजबुजले. "हात लाव. कणकण हाय."

रात्रभर बंद असलेल्या गाडीचा अल्टरनेटर कोमट होता. त्याच्यातला एक डायोड गळत होता. जो दिवसा टाकी भरायचा, तोच रात्री चोरून प्यायचा, आणि त्याची वायर थेट बॅटरीवर असल्यानं फ्यूज काढून काही कळणार नव्हतं. दुकान उघडल्यावर इलेक्ट्रिकवाल्यानं डायोडची प्लेट बदलली, अर्ध्या दिवसाचं काम. दाजी दुकानाबाहेर स्टुलावर बसून होते. 'झालं काका' म्हटल्यावर त्यांनी वहीत आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या. घरी येऊन म्हणाले, "काय करावं आता?"

ह्या नव्या गाड्यांचा त्यांना फार राग नाही, पण थोडं वाईट वाटतं. काही गाड्यांत आता बॅटरी कधी किती भरायची ते कॉम्प्युटरच ठरवतो. चालू गाडीत कधी १२.९ दिसतं, कधी १४.७. पुतण्याच्या गाडीवर पहिल्यांदा १२.९ बघून दाजी रात्रभर झोपले नव्हते. आजार नाहीच, गाडीचा स्वभावच तसा आहे, हे कळल्यावर त्यांनी त्या गाडीपुढं वहीत नुसतं लिहिलं: 'हिचं हिला माहीत.'

परवा रात्री फोन आला. इकडचं तिकडचं झालं. अक्काची शुगर, सोयाबीनचा भाव, नळाला पाणी आठवड्यातून किती वेळा. मग जरा थांबून, "तुमच्या गाडीचा पट्टा आवाज करायलाय का?"

"नाही दाजी."

"सेल्फ एका झटक्यात घेती?"

"एका झटक्यात."

"दिवे मिणमिणत न्हाईत?"

"नाहीत."

"बरं हाय मग," ते म्हणाले. पण तो आवाज बारा दोनच्याही खालचा होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "म्हणजे, सकाळी पहिल्यांदा चालू केली की जरा चिरकल्यासारखं होतं. दोनच सेकंद. पण होतं."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "दोन सेकंद? गार असतानाच? का लाइट लावल्यावरबी?"

"बघायला लागेल."

"तुम्ही बघू नका. काहीच हात लावू नका," दाजी घाईघाईनं म्हणाले. "रविवारी पहिल्या एसटीनं येतो. मीटरमधी नवा सेल टाकून ठेवतो."